पियर्सची बंदिश

हार्वर्डचे प्राध्यापक जॉर्ज वॉशिंग्टन पियर्स यांनी १९२०च्या दशकात मांडलेला क्रिस्टल ऑसिलेटर आजही घड्याळात आणि मायक्रोकंट्रोलरमध्ये ठोका धरून आहे. एक इन्व्हर्टर, एक क्रिस्टल, दोन कपॅसिटर, एक रेझिस्टर. चांगल्या बंदिशीत शब्द थोडे आणि जागा भरपूर, तशी ही रचना.

तिची पहिली जागा रेझिस्टरची. इन्व्हर्टर मुळात ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच बोलणारा. हा रेझिस्टर त्याला मधल्या दोलायमान अवस्थेत अडकवून ठेवतो. इन्व्हर्टर सिग्नल १८० अंशांनी उलटवतो, क्रिस्टल आणि दोन कपॅसिटर मिळून आणखी १८० अंश फिरवतात. वर्तुळ पुरं होतं आणि कंपन स्वतःला पोसू लागतं.

हे सौंदर्य उलगडतं ते सर्किट बंद पडल्यावर. मोजणीचा प्रोब टेकवला की चालतं, काढला की थांबतं. प्रोबची स्वतःची कपॅसिटन्स दहा-पंधरा पिकोफॅरड. इथले कपॅसिटर बहुधा बारा ते बावीसचे. म्हणजे पाहणाराच रचनेत शिरला! म्हणून जाणकार क्रिस्टलच्या पायाला हात लावत नाही; चिपच्या दुसऱ्या, बफर केलेल्या पिनवर मोजतो. मग क्रिस्टलच्या ओळीत रेझिस्टर वाढवत जातो. क्रिस्टलच्या अंगच्या रोधाच्या पाचपट भार सोसूनही कंपन सुरू राहिलं, तर सर्किट धडधाकट.

लखनौसारख्या शहराचं हवामान या रचनेची खरी परीक्षा घेतं. पावसाळ्यात सोल्डरिंगनंतर बोर्डवर उरलेलं फ्लक्स ओल धरतं. ३२,७६८ हर्ट्झच्या सर्किटमध्ये रेझिस्टर दहा मेगाओहमचा असतो, त्यामुळे एवढीशी गळतीही मधली अवस्था ढळवते. दोष क्रिस्टलवर येतो. औषध मात्र अल्कोहोल आणि ब्रश.

तापमानाची जागा तर फारच देखणी. साधा धातूचा लंबक उन्हाळ्यात लांबून मागे पडतो, थंडीत आखडून पुढे धावतो. घड्याळी क्रिस्टल २५ अंशांना सर्वांत वेगवान. तिथून कुठेही सरका, मंदच होतो. जूनच्या ४५ अंशांत आणि जानेवारीच्या ५ अंशांत तूट सारखीच: दिवसाला सुमारे १.२ सेकंद. हा बिघाड नव्हे, क्रिस्टल कापण्याच्या पद्धतीतून आलेला स्वभाव. तो न ओळखता मे महिन्यात कुणी कपॅसिटर कमी करून घड्याळ ‘दुरुस्त’ केलं, तर ऑक्टोबरात ते पुढे पळणारच.