चकचकीत स्फटिक आले, म्हणून शुद्ध?

थिसिसच्या प्रायोगिक प्रकरणात एक वाक्य तुम्हाला पुन्हा पुन्हा भेटेल: 'कच्चा पदार्थ इथेनॉलमधून रिक्रिस्टलाइझ करून शुद्ध संयुग मिळवले.' माझा आक्षेप त्यातल्या 'शुद्ध' या शब्दाला आहे. इथेनॉल किती घेतलं, किती थंड केलं, किती माल परत हाती आला, काहीच लिहिलेलं नसतं. क्रियेचं नाव हाच पुरावा!

ही पद्धत चालते कशी, ते आधी आकड्यांत बघा. बेंझोइक आम्ल 25 अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात साधारण 3.4 ग्रॅम विरघळतं, उकळत्या पाण्यात 50 ग्रॅमच्या वर. समजा तुम्ही 10 ग्रॅम आम्ल 200 मिली उकळत्या पाण्यात विरघळवलंत. थंड झाल्यावर पाण्यात उरेल जेमतेम 0.7 ग्रॅम, बाकीचं स्फटिक होऊन खाली बसेल. आता त्यात अर्धा ग्रॅम अशुद्धी आहे आणि तिची विद्राव्यता हुबेहूब आम्लाइतकीच आहे असं धरा. (दोघं एकमेकांच्या विद्राव्यतेत ढवळाढवळ करत नाहीत, हेही धरून चाला.) तरीसुद्धा ती पाण्यातच राहील, कारण 0.7 ग्रॅमची मर्यादा तिने गाठलेलीच नाही. तीच अशुद्धी 2 ग्रॅम असती तर मात्र सुमारे 1.3 ग्रॅम स्फटिकांसोबत खाली आली असती. म्हणजे इथे शुद्धीकरणाचं काम केलं ते मदर लिकरने, जे आपण बिनदिक्कत सिंकमध्ये ओततो. आणि अशुद्धी मुळात थोडी होती म्हणून जमलं.

'पण परका रेणू स्फटिकाच्या जाळीत बसतच नाही ना?' बहुतेक वेळा नाही बसत. पण अँथ्रासीन घ्या. त्यात टेट्रासीन मिसळलेलं असतं. आकार तसाच, फक्त एक वलय जास्त. ते जाळीत अँथ्रासीनच्या जागी जाऊन बसतं आणि नुसत्या रिक्रिस्टलायझेशनने सहजासहजी निघत नाही. शुद्ध अँथ्रासीन अतिनील प्रकाशात निळसर-जांभळं चमकतं. टेट्रासीनचा अंश असला की चमक पिवळट-हिरवी होते. स्फटिक दोन्हीकडे तितकेच सुरेख.

घाईचं तर विचारूच नका. गरम फ्लास्क थेट बर्फात ठेवला की स्फटिक भराभर वाढतात आणि मदर लिकरचे थेंब पोटात कोंडून घेतात. मग कितीही धुवा, धुतलं जातं ते बाहेरून. द्रावकही असाच अडकून राहतो. इथाइल अॅसिटेट वापरलं असेल तर सीडीसीएल3 मधल्या प्रोटॉन एनएमआरमध्ये 1.26, 2.05 आणि 4.12 पीपीएमला नजर टाका. बऱ्याचदा महाशय तिथे हजर असतात.

हे सगळं किरकोळ वाटत असेल, तर तुमचा नमुना पुढे कुठे जाणार आहे ते आठवा. बायोअॅसेला जाणार असेल आणि त्यातली दोन टक्के अशुद्धी मुख्य संयुगाच्या शंभरपट प्रभावी असेल, तर येणारा आकडा मुख्यतः तिचाच असेल, आणि पेपरमध्ये रचना छापली जाईल तुमच्या संयुगाची.

म्हणून त्या वाक्यात द्रावकाचं प्रमाण, परत मिळालेलं वजन, मेल्टिंग पॉइंटची पूर्ण रेंज आणि एचपीएलसीचा आकडा लिहा. मदर लिकर ओतण्याआधी त्याची टीएलसी स्फटिकांच्या शेजारी लावा. दोन्हीकडे तेच ठिपके त्याच प्रमाणात दिसले, तर अजून काहीच वेगळं झालेलं नाही; द्रावक बदलून बघा किंवा सरळ कॉलम लावा.