‘वसईचा दिवा’ : एका घराण्यांतील ऐतिह्याची छाननी

भिवंडी येथील आमच्या वडिलोपार्जित घरांत माजघराच्या मधल्या तुळईस एक पितळी टांगता दिवा असे. घर आतां पाडलें गेलें असून त्या जागीं यंत्रमाग चालतात. दिवा तेवढा वांटणींत प्रस्तुत लेखकाकडे आला. घरांत त्यास ‘वसईचा दिवा’ म्हणत. चिमाजीअप्पांच्या वसईच्या मोहिमेंत आमच्या एका पूर्वजास तो फिरंग्यांच्या देवळांतून प्राप्त झाला, असें आमच्या आजोबांनीं चार पृष्ठांचें एक टिपण लिहून ठेविलें आहे. आल्यागेल्यास दिवा दाखवून हें टिपण वाचण्याचा परिपाठ होता. मीं स्वतः तें दोन सभांत वाचलें आहे व त्याबद्दल शाबासकीही घेतली आहे. पुढें दिवा एका संग्रहालयास द्यावयाचें ठरलें आणि ओळखपट्टीवर काय लिहावयाचें हा प्रश्न उभा राहिला. टिपणाची परीक्षा त्यापूर्वींच व्हावयास पाहिजे होती. ती उशिरां कां होईना, येथें करीत आहें.

टिपणांत तीन प्रमाणें दिलीं आहेत. घरांत पिढ्यानुपिढ्या चालत आलेली वार्ता हें पहिलें. दिवा तीन साखळ्यांनीं टांगलेला आहे, आपले लामणदिवे एका साखळीनें टांगतात, आणि तीन ही संख्या ख्रिस्ती लोकांच्या देवत्रयीची निदर्शक असल्यानें हा दिवा चर्चांतलाच होय, हें दुसरें. तिसरें व आजोबांच्या मतें निर्णायक प्रमाण म्हणजे साखळ्या ज्या पितळी मुकुटांतून निघतात त्याच्या कांठावर ठोकलेलीं ‘शके १६६१’ हीं अक्षरें.

प्रथम टिपणांतील खरें तें मान्य केलें पाहिजे. शके १६६१ म्हणजे सिद्धार्थीनाम संवत्सर. त्याच्या वैशाखांत, इ. स. १७३९ च्या मे महिन्यांत, वसईचा किल्ला मराठ्यांच्या हातीं आला. तेव्हां आंकडा चुकलेला नाहीं. भिवंडीचा व ह्या मोहिमेचा संबंधही ओढूनताणून आणलेला नाहीं. ज्या वज्रेश्वरीस चिमाजीअप्पांनीं नवस केला व विजयानंतर देऊळ बांधून तो फेडला असें सांगतात, तें क्षेत्र भिवंडी तालुक्यांतच आहे. आमच्या घरचीं माणसें दरसाल तेथें जात व परत आल्यावर दिव्याखालीं बसून वसईची गोष्ट होई. ज्या गांवाच्या शिवेंत असा नवस फेडला गेला, त्या गांवीं प्रत्येक जुन्या घरास वसईची एखादी वस्तु असावीशी वाटणें स्वाभाविक आहे. परंतु जी वार्ता स्वाभाविक वाटते, तिचीच परीक्षा अधिक कसून केली पाहिजे.

वसई प्रांतांतील चर्चांच्या वस्तु मराठी मुलखांत आल्या, ह्याविषयीं शंका नाहीं. नाशिकास नारोशंकराच्या देवळावरील घंटा सर्वांस ठाऊक आहे. तीवर १७२१ हें इसवी सन कोरलेलें आहे. मेणवलीस नाना फडणिसांच्या घाटावर व भीमाशंकरासही अशा घंटा आहेत. ह्या घंटांचा विशेष असा कीं, त्यांस आपली हकीकत सांगण्यास कोणा आजोबांच्या टिपणाची गरज पडत नाहीं. त्यांची घडण व त्यांवरील युरोपीय आंकडे हाच त्यांचा दाखला. आमच्या दिव्यावर ख्रिस्ती म्हणावें असें एकही चिन्ह नाहीं. शिवाय ‘वसईची लूट’ हा शब्दप्रयोगही जपून करावयास हवा. किल्ला तहानें खालीं झाला व शरण आलेल्या शिबंदीस आपल्या चीजवस्तेसह मानानें बाहेर पडूं दिलें. अशा वेळीं मण मण वजनाच्या घंटा मागें राहतात. देवापुढचा टांगता दिवा, विशेषतः चांदीचा असल्यास, पेटींत घालून प्रथम नेला जातो. वेढ्यापूर्वीं दोन वर्षें साष्टींत व आसपास धामधूम चालू होती, तींत कोणास कांहीं मिळालेंच नसेल असें मात्र माझें म्हणणें नाहीं. सरदेसायांनीं १९३० ते १९३४ ह्या काळांत पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे जे पंचेचाळीस खंड छापविले, त्यांत ह्या मोहिमेचा स्वतंत्र खंड आहे. त्यांतील पत्रें वाचणारास दिसेल कीं, लिहिणारांस दारूगोळा, सुरुंग, शिबंदीचा पगार व जखमींची चिंता ह्यांपलीकडे फारशी फुरसत नव्हती. आमच्या टिपणांतील पूर्वज मात्र त्या गर्दींत दिवा पारखीत हिंडतो!

आतां साखळ्यांकडे वळूं. चर्चांत वेदीपुढें अखंड तेवणारा दिवा तीन साखळ्यांनीं टांगतात, हें खरें. आपला लामणदिवा एकेरी साखळीस असतो, हेंही बव्हंशीं खरें. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयांतील दिवे पाहिल्यास त्याची खात्री पटेल. आमच्याच ठाणें-साष्टीच्या टापूंतील सर्वांत प्रसिद्ध जुना नमुना म्हणजे जोगेश्वरीच्या लेण्यांजवळ मिळालेली दिव्याची साखळी. ती मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत आहे; हत्ती व मानवी आकृति गुंफलेली ती साखळीही एकेरीच आहे. परंतु एकीचें व तिहींचें कारण देवधर्मांत शोधण्यापूर्वीं तें वस्तूच्या तोलांत शोधावें. लामणदिव्याच्या मध्यभागीं दांडा किंवा पक्ष्याची आकृति असते व भार तिच्यावर पेलतो, म्हणून एक साखळी पुरते. ज्या भांड्याचें तोंड उघडें ठेवावयाचें, त्यास मध्यें दांडा चालत नाहीं. तें कांठाशींच धरावें लागतें व समतल राहण्यास निदान तीन ठिकाणीं धरावें लागतें. आपल्या वाड्यांतील कांचेच्या हंड्या ह्याच कारणास्तव तीन साखळ्यांनीं टांगीत. त्या हंड्यांस कोणी ख्रिस्ती म्हणत नाहीं. तात्पर्य, तीन साखळ्यांवरून भांड्याचें तोंड उघडें होतें इतकेंच सिद्ध होतें.

पण ज्याकडे आजोबांनीं पाहिलेंच नाहीं असें एक अंग ह्या दिव्यास आहे, व तें म्हणजे त्याची वात. दिव्यास चपटी वात असून ती वरखालीं करण्यास दातेरी चाक व बाहेर चावी आहे. वर कांचेची चिमणी बसविण्याचीं बोटें आहेत. समईंत, निरांजनांत वा लामणदिव्यांत वात तेलांतच पडून असते व तिचें टोंक कांठावर जळतें. कारण तिळाचें, करंजाचें किंवा खोबऱ्याचें तेल दाट. तें वातींतून फार वर चढत नाहीं. तेलाचें पात्र बंद करून वात त्यावर चार बोटें उंच न्यावयाची, तर तेल पातळ पाहिजे. असें तेल म्हणजे घासलेट. चिमणी घालून ज्योतीस वारा पुरविण्याची युक्ति आर्गांद नांवाच्या स्विस गृहस्थानें इ. स. १७८० च्या सुमारास काढली. खनिज तेलाचा दिवा लुकासिएविच यानें लेंबर्ग शहरीं केला तो १८५३ सालीं. आणि अमेरिकेंत टायटसव्हिल येथें ड्रेक यानें विहीर खणून तेल काढलें तें १८५९ सालीं. तें तेल जगभर स्वस्त झालें तें त्यानंतर. ‘घासलेट’ हा शब्दच पाहा. इंग्रजी ‘ग्यासलाइट’ आपल्या जिभेवर बसून तो झाला आहे. वसई पडली तेव्हां हा शब्दही नव्हता, वस्तुही नव्हती.

ह्याहून स्पष्ट पुरावा चावीच्या चकतीवर आहे. काजळी पुसून भिंगानें पाहतां तेथें रोमन अक्षरांत ‘आर. डिटमार, वीन’ असा ठसा निघाला. वीन म्हणजे व्हिएन्ना. त्या शहरीं डिटमार बंधूंनीं १८४० सालीं दिव्यांचा कारखाना काढला, व त्यांचे दिवे आपल्याकडे इतके खपले कीं ‘डिटमार’ हें मराठींत दिव्याचेंच एक नांव होऊन बसलें. आमच्या घरीं ठसा कोणींच वाचला नाहीं असें नसावें. आत्या दिवा पुशी, तिनें एकदां ‘आंत इंग्रजी लिहिलें आहे’ असें म्हटल्याचें मला स्मरतें. त्यावर आजोबांनीं ‘तें फिरंगी आहे’ असें उत्तर दिलें होतें.

येथें एक आक्षेप संभवतो व तो वाजवी आहे. बर्नर आट्यांनीं बसतो, तो बदलतां येतो. जुन्या पोथीचीं आरंभींचीं व शेवटचीं पानें झिजलीं म्हणजे मागाहून नवीं लिहून घालतात. त्या नव्या पानांवरून सगळ्या पोथीचें वय कोणी ठरवीत नाहीं. तद्वत् जुन्या दिव्यास डिटमारचा बर्नर मागाहून बसविला असेल, तर? म्हणून दिव्याचा प्रत्येक अवयव वेगळा काढून पाहिला. मुकुटाच्या आंत तीन लहान कप्प्या असून साखळ्या त्यांवरून फिरतात व त्यांची दुसरीं टोंकें एका वजनास जोडलेलीं आहेत. वजनाच्या तोलानें दिवा खालीं ओढून तेल घालावें व वर सारावा अशी ही योजना आहे. तेलपात्राचा घेर कड्यांत बिनचूक बसतो, व कड्याचें आणि पात्राचें वजन मुकुटांतील वजनाशीं बरोबर तुळतें. एकही भाग हलका वा जड असता तर दिवा एकतर वर सरकला असता वा खालीं आला असता. म्हणजे मुकुट, साखळ्या, कडें व पात्र हीं एकाच हिशेबानें घडविलेलीं आहेत. सबब संपूर्ण दिवा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतला आहे, असें म्हणण्यास आतां कोणताही प्रत्यवाय राहिला नाहीं.

मग ‘शके १६६१’ हीं अक्षरें कोठून आलीं? तीं टिंबाटिंबांनीं ठोकलेलीं आहेत. लग्नाच्या भांड्यांवर नांव घालतात तीच ही रीत, तोच हात. मीं प्रथम त्यांस बनावट ठरवून मोकळा झालों होतों. परंतु घरच्या दप्तरांत पणजोबांच्या मोडी रोजकीर्दी आहेत, त्या वांटणींत कोणासच नको होत्या म्हणून मजकडे आल्या. शके १८१७, मन्मथनाम संवत्सर, ह्या सालच्या कीर्दींत आश्विनांत ‘मुंबईहून दिवा टांगता १’ अशी खर्ची रक्कम आहे. मार्गशीर्षांत ‘तांबटास दिव्यावर अक्षरें घातलीं त्याबद्दल मजुरी’ अशी दुसरी. त्या दोहोंच्या मध्यें, दिवाळीपूर्वीं, जमेकडे एक ओळ आहे : ‘जुना दिवा मोडीस दिला, पितळ शेर ३॥।.’

ह्या तीन ओळींनीं सगळी हकीकत उलगडते. घरांत पूर्वीं दुसरा दिवा होता. ‘वसईचा’ हें नांव त्याचें. पणजोबांनीं सोयीसाठीं घासलेटचा नवा दिवा आणला, तो त्याच तुळईच्या त्याच कडीस टांगला, व जुना मोडींत घातला. दोन महिन्यांनीं त्यांस रुखरुख लागली असावी. तें सालही ध्यानांत घ्यावें : १८९५. त्याच वर्षीं टिळकांनीं रायगडावरील शिवछत्रपतींच्या समाधीच्या जीर्णोद्धारासाठीं निधि सुरू केला, व पुढील सालीं गडावर पहिला उत्सव झाला. गांवोगांव लोकांस आपल्या पूर्वजांचा पराक्रम आठवूं लागला होता. अशा दिवसांत वसईची खूण मोडींत घातल्याचें मनास लागून त्यांनीं तिचा शक नव्यावर उतरवून घेतला, असा माझा तर्क आहे. जुन्या प्रतीवरून नवी प्रत करणारा लेखक पुष्कळदां मूळ प्रतीचाच शक शेवटीं लिहितो. हस्तलिखितें गोळा करणारांस हा अनुभव नवा नाहीं, व त्या लेखकास कोणी लबाड म्हणत नाहीं. पणजोबांनीं प्रत केली; दोष आहे तो प्रतीस मूळ मानणाऱ्या आजोबांच्या टिपणाचा, आणि तें सभांत वाचणाऱ्या माझा. राजवाड्यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ ह्याचा पहिला खंड काढून बखरींस अस्सल पत्रांच्या कसोटीस लाविलें. अस्सल कागद आमच्याच माळ्यावर असतां आम्ही बखर वाचीत बसलों.

मूळ दिवा वसईचा होता काय, हा प्रश्न अर्थात् राहतोच. त्याचें साधन उरलें आहे तें एवढेंच : तो पितळेचा होता आणि पावणेचार शेर भरला. त्याची साखळी एकेरी होती कीं तिहेरी, त्यावर क्रूस होता कीं मोर, हें मोडीच्या व्यापाऱ्यानें पाहिलें असेल. तुळईची लोखंडी कडी घर पाडतांना मीं काढून घेतली आहे. ती हातघडणीची असून तिच्या आंतल्या अंगास घासून दोन खोबणी पडल्या आहेत. एक उथळ, व्हिएन्नाच्या दिव्याच्या आंकड्यास जुळणारी, व तिच्या शेजारीं दुसरी, पुष्कळ खोल.

संग्रहालयाकडे दिवा पाठवितांना ओळखपट्टीवर ‘टांगता घासलेटचा दिवा, व्हिएन्ना येथील घडण, भिवंडी येथें शके १८१७ मध्यें खरेदी, मुकुटावरील शक त्याच वर्षीं घातलेला’ असें लिहिलें आहे. रोजकीर्दीच्या त्या पानांची नक्कल सोबत जोडली आहे. आजोबांचें टिपणही जोडावें, असें संग्रहालयाचें म्हणणें पडलें, व तें मीं मान्य केलें. मात्र त्याच्या माथ्यावर तें कोणत्या सालीं व कशावरून लिहिलें हें नमूद केलें आहे. कडी घरींच ठेविली आहे.