अवटु संप्रेरकांचे मापन : संवेदनशीलतेची प्रगती आणि अर्थनिर्णयाची मर्यादा

रक्तातील अवटु (थायरॉइड) ग्रंथीशी निगडित संप्रेरकांच्या मापनाचा इतिहास सामान्यतः वाढत्या संवेदनशीलतेची यशोगाथा म्हणून मांडला जातो. ही मांडणी तपशिलात खरी असली, तरी अपुरी आहे.

रोझलिन यालो व सॉलोमन बर्सन यांनी १९५०च्या दशकात न्यूयॉर्क येथे इन्शुलिनसाठी रेडिओइम्युनोअसे ही पद्धत विकसित केली. किरणोत्सर्गी आयोडीनने अंकित केलेले आणि रक्तातील मूळ संप्रेरक मर्यादित प्रतिपिंडांसाठी स्पर्धा करतात, हे तिचे तत्त्व होय. बर्सन यांचे १९७२ मध्ये निधन झाले. यालो यांना १९७७ साली नोबेल पारितोषिक लाभले. १९६०च्या दशकात ही पद्धत टीएसएच या पोष ग्रंथीच्या संप्रेरकासाठी वापरली जाऊ लागली.

थायरॉक्सिनच्या पातळीतील अल्प बदलानेही टीएसएचची पातळी अनेक पटींनी बदलते. म्हणूनच त्याचे मापन निदानास मोलाचे ठरते. परंतु पहिल्या पिढीच्या चाचण्या लिटरमागे सुमारे १ मिलिएककापर्यंतच विश्वसनीय होत्या. त्यांतून ग्रंथीची कार्यन्यूनता कळे. कार्याधिक्यातील खालावलेली पातळी मात्र निरोगी पातळीपासून वेगळी करता येत नसे. कोहलर व मिलस्टाइन यांच्या १९७५च्या संशोधनातून एकक्लोनी प्रतिपिंड उपलब्ध झाले. संप्रेरकास दोन प्रतिपिंडांमध्ये पकडणाऱ्या चाचण्यांनी ही मर्यादा ०.१ वर आणि रासायनिक प्रदीप्तीच्या तंत्राने ०.०१ वर आणली.

तथापि, सूक्ष्म मापन म्हणजे अचूक निदान नव्हे. 'सामान्य' पातळीच्या सीमा बहुधा निरोगी मानलेल्या समूहातील मधल्या ९५ टक्क्यांवरून ठरतात. त्यामुळे काही निरोगी व्यक्ती व्याख्येनेच सीमेबाहेर पडतात. वयानुसार टीएसएच वाढते, हेही अनेकदा दुर्लक्षिले जाते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात सौम्य, लक्षणविरळ कार्यन्यूनता असलेल्या ६५ वर्षांवरील ७३७ व्यक्तींना लेव्होथायरॉक्सिन किंवा निष्क्रिय गोळी देण्यात आली. औषधाने लक्षणांत उल्लेखनीय लाभ आढळला नाही. शिवाय, बायोटिन हे जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत घेतल्यास बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिनवर आधारित चाचण्यांत टीएसएच खोटेच कमी आणि थायरॉक्सिन खोटेच जास्त दिसू शकते. अर्थात, निरोगी व्यक्तीच्या अहवालातही कार्याधिक्याचे चित्र उमटू शकते.

उपकरणाची संवेदनशीलता शंभरपट वाढली. सीमारेषेवरील व्यक्तीस रुग्ण म्हणावे की नाही, हा प्रश्न त्यामुळे सुटला नाही. किंबहुना, तो अधिक लोकांपुढे उभा राहिला. म्हणून विज्ञानाच्या अध्यापनात मापनाच्या तंत्राइतकेच त्याच्या अर्थनिर्णयालाही स्थान मिळणे आवश्यक आहे.