पासपोर्ट आहे, पण राहायचं कुठे?

ब्रिटनचा १९८६चा हाँगकाँग आदेश वाचलात, तर तुम्हाला वाटेल, चला, १९९७च्या हस्तांतरात कोणीच बिनदेशाचं राहणार नाही. माझा आक्षेप इथेच आहे. चिनी वंशाच्या रहिवाशांना चीन आपले नागरिक मानणार होता. पण तिथेच जन्मलेल्या, दुसरं नागरिकत्व नसलेल्या सिंधी, पारशी, नेपाळी कुटुंबांचं काय? त्यांना ब्रिटिश पासपोर्ट मिळायचा, ब्रिटनमध्ये राहायचा हक्क मात्र नाही! असं राष्ट्रीयत्व काय कामाचं? बरं, तेही नातवंडांपर्यंतच. पूर्ण नागरिकत्व देणारा कायदा आला मार्च १९९७मध्ये, हस्तांतराला जेमतेम तीन महिने उरलेले असताना. त्यातही अट होतीच: ४ फेब्रुवारी १९९७च्या लगेच आधी तुमचं वास्तव्य हाँगकाँगमध्येच हवं.