रक्तपिपासू आणि आपली भुते

इंग्रजीतील 'व्हँपायर' या शब्दाला मराठी प्रतिशब्द कोणता, असे विचारले तर पुष्कळ सुशिक्षित माणसे फारसा विचार न करता 'वेताळ' असे उत्तर देतील. या उत्तराचे पितृत्व एका साहेबाकडे जाते. मुंबई इलाख्याच्या फौजेत काही वर्षे नोकरी केलेल्या रिचर्ड बर्टनने १८७० साली वेताळपंचविशीतील निवडक गोष्टी इंग्रजीत सांगितल्या आणि पुस्तकाला 'विक्रम अँड द व्हँपायर' असे नाव दिले. त्याला आपल्या वाचकांना ओळखीचे वाटेल असे काहीतरी हवे होते, ते त्याने घेतले. त्यात त्याचा दोष फारसा नाही. दोष आपला आहे. कारण त्याने केलेले भाषांतर उलटे फिरवून आपण ते आपल्याच घरात मांडून ठेवले, आणि वेताळ हा रक्त पिणारा कोणी असला पाहिजे असे आपल्यालाही वाटू लागले.

वास्तविक हा वेताळ आहे तरी कसा? अकराव्या शतकात काश्मिरात सोमदेवाने 'कथासरित्सागर' रचला. त्यातील वेताळाची कथा मात्र घडते ती आपल्याकडे, गोदातीरीच्या प्रतिष्ठानात. राजा त्रिविक्रमसेन स्मशानातील झाडावरचे प्रेत खांद्यावर घेऊन चालू लागतो आणि प्रेतात शिरलेला वेताळ त्याला एकामागून एक गोष्टी सांगतो. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी न्यायाचा एक पेच असतो. उत्तर माहीत असून राजा गप्प राहिला तर त्याचे डोके फुटायचे. उत्तर दिले तर प्रेत पुन्हा झाडावर जायचे. शेवटी हाच वेताळ राजाला कपटी भिक्षूपासून वाचवतो. ज्याला राजाच्या रक्तापेक्षा त्याच्या विवेकाची अधिक भूक आहे, अशा या प्राण्याला रक्तपिपासू म्हणणे हे सरळसरळ अज्ञान होय. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच ही पंचविशी मराठी गद्यात उतरली आणि शाळकरी मुलांच्या हाती पडली. ती कोणाला भिववण्यासाठी नव्हे, शहाणे करण्यासाठी.

लोकांच्या वेताळाकडे पाहिले तरी हेच दिसते. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीचा वेतोबा हा गावाचा राखणदार आहे. तो रात्री गावाभोवती फेरी घालतो, त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भाविक त्याला मोठाल्या चामडी वहाणा आणि केळ्यांचे घड वाहतात. गोव्यात लोलये, पैंगीण, आमोणे येथे बेताळाची देवळे आहेत आणि बेताळभाटी या गावाच्या तर नावातच तो आहे. भुतांचा राजा म्हणून लोक त्याला भितात हे खरे. पण ती भीती फौजदाराविषयी वाटावी तशी आहे, दरोडेखोराविषयीची नव्हे.

आता युरोपचा रक्तपिपासू पाहा. तो कोणा कादंबरीकाराच्या डोक्यातून निघालेला नाही; त्याची नोंद सरकारी दप्तरात आहे. १७१८ च्या तहाने सर्बियाचा काही भाग ऑस्ट्रियाच्या ताब्यात आला आणि तेथील खेडुतांच्या तक्रारी व्हिएन्नाच्या अंमलदारांपुढे येऊ लागल्या. १७२५ साली किसिलोव्हा गावी पेटार ब्लागोयेविच नावाच्या मृत माणसाने गावकऱ्यांचे बळी घेतल्याची तक्रार झाली. पुढे मेदवेजा गावच्या अशाच प्रकाराची चौकशी फ्लुकिंगर या लष्करी शस्त्रवैद्याने केली. त्याचा १७३२ चा अहवाल युरोपभर गाजला आणि त्याच वर्षी हा शब्द इंग्रजी वृत्तपत्रांत रूढ झाला. थडगी उकरली तेव्हा काय दिसले? फुगलेले शरीर, ओठांवर रक्तासारखा द्रव, वाढल्यासारखी नखे. आजचा शवचिकित्सक सांगेल की कुजताना शरीरात वायू साठून ते फुगते, त्याच दाबाने आतला द्रव तोंडावाटे बाहेर येतो आणि कातडी आक्रसल्यामुळे नखे लांब भासतात. खेडुतांनी जे पाहिले ते खरेच पाहिले. त्याचा अर्थ तेवढा चुकीचा लावला. आणि तो लावावासा वाटला याचे कारण गावात साथ चालू होती. पहिला मेला, मग त्याच्या घरचे मेले, मग शेजारी; तेव्हा पहिलाच इतरांना ओढून नेतो आहे, असे अनुमान निघाले. अमेरिकेतील ऱ्होड आयलंडमध्ये १८९२ साली क्षयाने गेलेल्या मर्सी ब्राऊन या तरुणीचे प्रेत बाहेर काढून तिचे काळीज जाळण्यात आले, ते याच तर्काने. सम्राज्ञी मारिया थेरेसाने आपला राजवैद्य फान स्वीटेन याच्या सल्ल्यावरून १७५५ साली असल्या प्रेतविटंबनेला बंदी घातली. ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' आली ती १८९७ साली, म्हणजे गावोगावची भीती विझत आल्यावर. खेड्यातला मेलेला शेजारी तेथे उमराव होऊन लंडनमध्ये घरे खरेदी करू लागला.

आपल्याकडे असा देहधारी मृत का नाही? पहिले उत्तर सुचते ते दहनाचे. जेथे देहाची राख होते तेथे उकरण्याजोगे काही उरत नाही. म्हणून आपले भूत बिनदेहाचे, आणि म्हणूनच त्याला दुसऱ्याच्या 'अंगात' यावे लागते. हे उत्तर आकर्षक आहे, पण पुरेसे नाही. महाराष्ट्रात लिंगायतांसारखे समाज पुरतात, तान्ही मुले सर्वत्रच पुरली जातात. शिवाय दहनाने भुताचे रूप कळते. भूत कोण होतो, हे त्यावरून कळत नाही. तो प्रश्न वेगळा आहे, आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच.

त्याचे उत्तर एका विलक्षण पुस्तकात सापडते. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन हे लोकरीतींचे अभ्यासक होते. त्यांनी गोळा केलेल्या साहित्यात गावोगावच्या शाळामास्तरांनी प्रश्नांना पाठवलेली उत्तरे होती. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. ते साहित्य पुढे एन्थोवेन यांनी संपादून छापले. त्यातील कोकणचा भाग १९१५ साली निघाला. त्यात भुतांची जी यादी आहे ती वाचताना आपण खानेसुमारीचा तक्ता वाचतो आहोत असे वाटते. मुंज झाली पण सोडमुंज होण्यापूर्वीच गेला तो मुंजा. खारवी किंवा कोळी मेला तर झोटिंग. सवाष्ण मेली तर जखीण, विधवा मेली तर लावसट, बाळंतपणात दहा दिवसांच्या आत गेली तर हडळ. जात आणि लग्न या दोन गोष्टी मरणानंतरही सुटत नाहीत. युरोपात मेलेला माणूस नुसता मेलेला असतो. आपल्याकडे तो मेल्यावरही अमक्या जातीचा आणि तमक्या स्थितीचा असतो.

ही यादी कोणी लिहिली, हेही विसरता कामा नये. ती मास्तरांनी लिहिली, कोळणीने नव्हे. कोळ्याचे भूत झोटिंग, हे सांगणारा स्वतः कोळी होता की नाही हे ती यादी सांगत नाही. लोकसाहित्याचे आपले अभ्यासक अशा याद्या 'लोकमानस' म्हणून उद्धृत करतात, तेव्हा कोणाचे मानस आणि कोणाविषयीचे, हे विचारावयाचे बहुधा राहून जाते. जॅक्सन त्या रात्री पाहावयास गेले होते ते नाटक 'शारदा' होते. जरठकुमारीविवाहाने कोवळ्या मुलींना वैधव्याच्या वाटेला लावणाऱ्या समाजाचे ते चित्र. रंगमंचावर शारदेसाठी डोळे पुसावयाचे आणि बाहेर विधवेच्या आत्म्याला लावसट म्हणून हाकलावयाचे, या दोन्ही गोष्टी त्या काळी एकाच समाजात नांदत होत्या.

हडळीचे तर याहून वाईट. पाठीमागून हाडांचा सापळा, उलटी पावले, मोकळे केस. रक्तपिपासूच्या जवळपास जाणारे आपल्याकडे कोणी असेल तर ती हीच. पण ती मेली कशाने, याचा विचार करा. बाळंतपणातील रक्तस्रावाने किंवा सूतिकाज्वराने. जिचे स्वतःचे रक्त वाहून गेले तिलाच आपण दुसऱ्यांच्या जिवावर उठलेली ठरवले. फान स्वीटेनच्याच व्हिएन्नात १८४७ साली झेमेलवाइस या डॉक्टरने दाखवून दिले की वैद्यांनी क्लोरिनच्या पाण्याने हात धुतले तर सूतिकाज्वराने होणारे मृत्यू झपाट्याने कमी होतात. म्हणजे मारणारे हात होते, आणि ते जिवंत माणसांचे होते. हडळीच्या कल्पनेने या हातांकडे कधी बोट दाखवू दिले नाही. सुईण, नवरा, सासर, दवाखाना न उघडणारे सरकार, सगळे सुटले. अडकली ती एकटी मेलेली बाई.

आमच्या भयकथेने या बाबतीत काय केले? नारायण धारप यांनी मराठी मध्यमवर्गाला भीतीची गोडी लावली, आणि त्यांची स्वच्छ, वेगवान निवेदनशैली आजही वाचनीय आहे. परंतु स्टीफन किंगच्या कादंबरीवरून त्यांनी 'लुचाई' बेतली तेव्हा रक्तपिपासू मराठीत आला तो बाहेरचा पाहुणा म्हणून. अनिष्ट बाहेरून येते आणि गाव मुळात निरपराध असते, ही त्या जातीच्या कथेची सोय आहे. वाचक घाबरतो, पण स्वतःकडे पाहत नाही. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या 'कोंडुरा'त (१९६६) भय येते ते माणसाच्या स्वतःच्या श्रद्धेतून आणि वासनेतून. तेथे हाकलावयाला बाहेरचा कोणी नाही. मला ही वाट अधिक खरी वाटते. हडळीच्या बाजूने सांगितलेली एखादी मोठी मराठी कादंबरी अजून माझ्या वाचनात आलेली नाही.

हे सारे आज नवी मुंबईत बसून लिहिताना केवळ विद्वत्तेचा विषय राहत नाही. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे व त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर उभे राहिले. आगरी-कोळ्यांची गावठाणे सेक्टरांच्या मध्ये अडकली. मिठागरे गेली, शिवा पुसल्या गेल्या. वेस हरवली म्हणून भीती हरवली असे मात्र नाही. उंच इमारतींच्या दारांवर लिंबू-मिरच्या टांगलेल्या दिसतात आणि सुशिक्षित माणसेही वास्तुदोष काढून घेतात. भीतीला नवा पत्ता मिळाला, इतकेच.

पण याच भूमीने दुसरेही एक दाखवले आहे. जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जासई-दास्तान परिसरात पोलिसांच्या गोळ्यांनी पाच माणसे मेली. जुन्या हिशेबाने हे सारे अपमृत्यू. त्यांची भुते व्हावयास हवी होती. ती झाली नाहीत. ते हुतात्मे झाले, आणि दर जानेवारीत जासईला त्यांना अभिवादन होते. का? कारण ते कशाने मेले आणि कोणामुळे मेले, हे लोकांनी उघडपणे सांगितले. ज्या मरणाचे कारण गावाला मोठ्याने बोलता येते, त्या मरणाचे भूत होत नाही.

२०१३ साली डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, एखाद्या व्यक्तीला करणी करणारी ठरवून तिचा छळ करणे, हे आता गुन्हे आहेत. मारिया थेरेसाच्या हुकुमासारखाच हा कायदाही आवश्यक होता. परंतु कायदा भगताचा हात धरू शकतो. हडळीचे नाव काढताच अंगावर येणारा काटा तो काढू शकत नाही. ते काम लेखकाचे आणि टीकाकाराचे आहे. भुतांच्या गोष्टी टाकून द्याव्यात असे मी म्हणत नाही, कारण आपण कोणाला पुरते जगू दिले नाही याची तीच एक जुनी नोंदवही आपल्यापाशी आहे. ती वाचताना प्रत्येक नावापुढे, हा किंवा ही कशाने मेली, एवढा प्रश्न आपण मांडत गेलो तरी पुष्कळ झाले. वेताळानेही राजाला काही वेगळे विचारले नव्हते. उत्तर माहीत असताना गप्प राहू नकोस, इतकेच त्याचे म्हणणे होते.