‘हिट थे’, पण कुणाचे?

मुंबईत ९२.७ वर बिग एफएम लागतं. २००६मध्ये हे नेटवर्क सुरू झालं तेव्हा त्याचं घोषवाक्य होतं ‘सुनो सुनाओ, लाइफ बनाओ’. २०१३च्या सुमारास ते ‘हिट थे, हिट रहेंगे’ झालं आणि मुंबईतलं स्टेशन जुन्या गाण्यांचं झालं. २०१९मध्ये ‘धुन बदल के तो देखो’ आलं. म्हणजे आधी सगळ्यांचं स्टेशन, मग आठवणींचं, मग विचार बदलायला सांगणारं. फ्रिक्वेन्सी मात्र तीच. यातला मधला काळ मला सगळ्यात चांगला वाटतो, आणि माझी मोठी तक्रारही त्याच काळाबद्दल आहे.

आधी हे बघू की स्टेशनला चेहरा बदलावा का लागतो. १९९९च्या पहिल्या लिलावानंतर खासगी एफएमवाल्यांना ठरीव लायसन्स फी भरावी लागायची आणि ती दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढायची. २००५च्या धोरणानं ते बदललं. एकदाच मोठी रक्कम भरा, मग दरवर्षी साधारण उत्पन्नाच्या ४ टक्के द्या. धंदा परवडेल असं वाटायला लागलं आणि स्टेशनांची रांग लागली. पण खासगी स्टेशनांना स्वतःच्या बातम्या द्यायला बंदी. मग उरलं काय? गाणी. तीही त्या महिन्यात येणाऱ्या सिनेमांची, जी शेजारच्या स्टेशनवरही वाजतायत. एकच माल पाच दुकानांत असला की पाटीच्या रंगावर धंदा चालतो. जिंगल, आरजेचा आवाज, घोषवाक्य हे सगळं पाटीवरचं काम.

शिवाय रेडिओ कोण ऐकतं हे मोजायचं कसं? २००७पासून मुंबई-दिल्लीसारख्या शहरांत ‘रॅम’ नावाची मोजणी सुरू झाली. काही निवडक लोकांच्या हातात डायरी द्यायची आणि कुठल्या वेळी कुठलं स्टेशन ऐकलं ते त्यांनी भरायचं. मी दिवसभर सर्व्हरचे लॉग बघतो, त्यामुळे ही पद्धत पहिल्यांदा वाचली तेव्हा हसलोच. डायरी भरणाऱ्याला गाणं आठवून उपयोग नाही, त्याला स्टेशनचं नाव आठवलं पाहिजे. म्हणून दर दोन गाण्यांनंतर नाव कानावर आपटायचं. तुम्हाला जी कटकट वाटते ती या मोजणीतून आलेली आहे.

अशा बाजारात ‘आम्ही फक्त जुनी गाणी वाजवू’ म्हणणं हुशारीचं होतं. नव्या गाण्यांच्या गर्दीतून बाजूला होता येतं आणि नाव पटकन लक्षात राहतं. पण बिगनं नुसती पाटी बदलली नाही. अन्नू कपूरचा ‘सुहाना सफर’ घ्या. हा माणूस गाणं लावण्याआधी त्या सिनेमाची गोष्ट सांगायचा. पैसे कसे संपले, कोण कोणावर रुसलं, गाणं कुणासाठी लिहिलं आणि मिळालं कुणाला. बोलण्यात किंचित नाटकीपणा होता, पण मग कानावर पडणारं गाणं तुम्ही शंभर वेळा ऐकलेलं असलं तरी वेगळं लागायचं. त्याआधी, २०११पासून, नीलेश मिश्राचा ‘यादों का इडियट बॉक्स’ होताच. ‘याद शहर’ नावाच्या एका कल्पित शहरातल्या गोष्टी, मध्येमध्ये गाणी. संथ बोलणं, लांब वाक्यं. नऊ सेकंदांत श्रोता पळेल अशी धास्ती घेतलेल्या माध्यमात एक माणूस निवांत कथा सांगतो आणि लोक ऐकत थांबतात, हे मला आजही धाडसाचं वाटतं. आज पॉडकास्टवाले ज्याला ‘स्टोरीटेलिंग’ म्हणतात ते इथे जाहिरातींच्या मधल्या जागेत चाललं होतं.

माझ्या पिढीतल्या पुष्कळांना राहुल देव बर्मन हा जुना संगीतकार न वाटता ओळखीचा वाटतो, त्यात असल्या कार्यक्रमांचा वाटा आहे. विविध भारती तीच गाणी किती तरी वर्षं वाजवत होती, पण तिनं स्वतःला कधी ‘रेट्रो’ म्हटलं नाही. बिगनं म्हटलं, आणि जुनं ऐकणं हे आजोबांचं काम न राहता आवड झालं. २०१७मध्ये सारेगामानं ५,००० गाणी भरलेला ‘कारवाँ’ बाजारात आणला. जुन्या गाण्यांना गिऱ्हाईक आहे हे तोवर पुरेसं दिसलेलं होतं.

आता यंत्राकडे येऊ. जगभरच्या व्यावसायिक स्टेशनांत पुढचं गाणं आरजे सहसा निवडत नाही. सॉफ्टवेअर निवडतं. गाण्यांचे गट पाडलेले असतात, प्रत्येक तासाचा एक साचा असतो आणि वर नियम. एकाच गायकाची दोन गाणी जवळ नकोत, कालच्याच वेळी आज तेच गाणं नको, दोन संथ गाणी लागोपाठ नकोत. आमच्या भाषेत हा अटी पाळून वेळापत्रक लावण्याचा प्रश्न आहे, कॉलेजचं टाइमटेबल लावण्यासारखा. नव्या गाण्यांच्या स्टेशनवर तो सोपा असतो, कारण गायक ढीगभर. जुन्या हिंदी गाण्यांत मात्र लता, आशा, रफी, किशोर, मुकेश एवढ्याच आवाजांत बहुतेक यादी संपते. गायकांमध्ये अंतर ठेवायचं तर नियम ढिले करा, नाहीतर अनोळखी गाणी आत घ्या. आणि अनोळखी गाणं आत येणं अवघड, कारण यादीत काय ठेवायचं ते ठरवायची रुळलेली पद्धत म्हणजे लोकांना गाण्याचा काही सेकंदांचा तुकडा ऐकवून ‘ओळखीचं वाटतं का, आवडतं का’ विचारणं. जे ओळखीचं तेच पास होतं आणि पास झालेलं आणखी ओळखीचं होतं. जुन्या गाण्यांची भर वरून पडत नाही, त्यामुळे डबकं होण्याचा धोका इथे जास्त. अन्नू कपूरसारखा माणूस यावरचा उतारा होता. गोष्ट ऐकवली की अनोळखी गाणंही चालून जातं.

पण या सगळ्याच्या आधी एक गाळणी लागलेली असते, भाषेची. मुंबईच्या खासगी एफएमचा मुख्य साचा हिंदी आहे, म्हणून ‘रेट्रो’ म्हणजे जुना हिंदी सिनेमा असं गृहीतच धरलं गेलं. मराठी करमणुकीचे पुरस्कार बिगच्या नावानं झाले, पण पुरस्काराची एक संध्याकाळ आणि रोजचा तास यांत फरक आहे. आठवणी जर शहराच्या असतील, तर १९७०च्या दशकातल्या मुंबईत दादा कोंडकेंच्या सिनेमांना रांगा लावणारे लोक कुठे गेले? भावगीतं गुणगुणत गिरणीत पाळीला जाणारे कुठे गेले? गंमत म्हणजे यादीत मराठी माणसं भरपूर आहेत. लता, आशा, सी. रामचंद्र, वसंत देसाई. पण हिंदीत असतील तरच. लताबाईंनी ‘आनंदघन’ या नावानं मराठी सिनेमांना संगीत दिलं, त्यात १९६५चा ‘साधी माणसं’ आहे. यापेक्षा चांगली रेडिओवर सांगण्याजोगी गोष्ट कुठली? पण गोष्टीनंतर गाणं लागतं, आणि ज्या साच्यात भाषेचा रकाना आधीच भरलेला आहे तिथे ते बसत नाही.

मराठी गाणी तेव्हा आकाशवाणीच्या अस्मिता वाहिनीवर होती. मीडियम वेव्हवर, ५५८ किलोहर्ट्झ. आमच्या मोबाइलमध्ये एफएमची चिप होती, मीडियम वेव्हची नव्हती. इअरफोनची वायर हाच अँटेना, आणि तिला पकडता येत होतं ते फक्त एफएम. कल्याण लोकलमध्ये कानात वायरी घातलेल्या पोरापोरींसाठी मराठी रेडिओ तांत्रिकदृष्ट्याच अस्तित्वात नव्हता. मराठीला श्रोते नाहीत असं कुणी म्हटलं की मला ही गोष्ट आठवते.

मराठी खासगी एफएमवर येते तेव्हा बहुधा ठसका म्हणून येते. २०१७च्या पावसाळ्यात रेड एफएमच्या मलिष्कानं ‘सोनू’च्या चालीवर खड्ड्यांवरून महापालिकेचं विडंबन केलं. गाणं फोनाफोनांत फिरलं, आणि मग पालिकेनं तिच्या घरी डासांच्या अळ्या सापडल्याची नोटीस काढली. स्टेशनची ‘बजाते रहो’ ही ओळख त्या आठवड्यात पक्की झाली. चिमटा काढायला मराठी हवी, यादीत ठेवायला हिंदी. कोल्हापुरात ‘पुढारी’ समूहाचं टोमॅटो एफएम आहे, तिथे मराठी ही ठसक्याची नाही, रोजची भाषा आहे. म्हणजे खासगी स्टेशनला ते जमतच नाही असं नाही.

२०१९ला ‘धुन बदल के तो देखो’ आलं आणि विद्या बालन कार्यक्रम करायला आली. निवड बघा. ‘लगे रहो मुन्नाभाई’तली आरजे जान्हवी आणि ‘तुम्हारी सुलू’तली रात्रीची आरजे सुलू, दोन्ही तीच. म्हणजे सिनेमानं तयार केलेली रेडिओची प्रतिमा रेडिओनं परत विकत घेतली. विषय चांगले होते, तिचं बोलणं प्रामाणिक वाटायचं. पण धून बदला म्हणताना गाण्याशी असलेलं नातं सैल झालं. ‘सुहाना सफर’मध्ये गोष्ट गाण्याकडे घेऊन जायची. इथे गाणं दोन विचारांच्या मधली विश्रांती झालं. विचार बदलायला सांगणारे इन्स्टाग्रामवर शेकड्यांनी आहेत. गाण्याची गोष्ट सांगणारे कमी.

पुढे बिगची मालक कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि सफायर मीडियानं ती घेतली. आता चौथं घोषवाक्य येईल तेव्हा येईल. २०२३मध्ये केंद्र सरकारनं मोबाइल कंपन्यांना एफएम बंद करू नका, असं कळवलं. माझ्या सध्याच्या फोनला इअरफोनचं भोकच नाही, त्यामुळे अँटेनाही नाही. अस्मिता वाहिनी मात्र आकाशवाणीच्या ॲपवर लागते, आणि तिथे ती आणि विविध भारती एकाच यादीत, एकाखाली एक दिसतात.