‘ब्रह्मचारी’ : पुन्हा एकदा

१९३८ सालचा ‘ब्रह्मचारी’ माझ्या आईला तिच्या माहेरच्यांनी पाहू दिला नव्हता. कारण एकच, मीनाक्षीबाईंचा पोहण्याचा पोशाख! परवा नातीला घेऊन तो पाहिला. पोशाखाचे तिला काहीच वाटले नाही. “आजोबा, इथे लाजतो तो मुलगाच!” ती म्हणाली, आणि मी चमकलो. खरेच की! मास्टर विनायकांचा औदुंबर एक व्याख्यान ऐकून ब्रह्मचर्याचा वसा घेतो, नट्यांच्या तसबिरी फेकून देतो. पुढाकार सारा किशोरीचा. अत्र्यांनी टवाळी केली आहे ती पुरुषी सोवळेपणाची, आणि ती अजून शिळी झालेली नाही. तरी एक रुखरुख राहतेच. एवढी धिटाई, एवढी हुशारी एका बावळटाचे व्रत मोडण्यातच खर्ची पडावी? किशोरीला आणखी काय हवे होते, हे चित्रपट विचारीत नाही. नातीने मात्र विचारले.